मन्मथअप्पाची फ्रेम

मन्मथअप्पा गेल्यावर भेटायला आलेले लोक त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगत होते. एक, तो मोठमोठ्या इंजिनिअरांना गुंडाळून ठेवेल एवढा हुशार होता. दुसरी, त्याच्या हातून कधी चूक झाली नाही. दोन्ही खोट्या. तो दहावी नापास होता आणि त्याला वहीत सरळ रेघ मारता येत नव्हती. आणि चूक झाली होती. त्याच्याच घरात झाली होती, आणि ती होणार हे मला आधीपासून माहीत होतं. मेलेल्या माणसाला धुऊनपुसून देव करायची आपल्याकडे फार घाई असते. त्याला ते चाललं नसतं, म्हणून मी लिहिते आहे.

मी मातीला नव्हते. मुदखेडला भावाकडे होते. परत आले तोवर त्याला पुरून तिसरा दिवस झाला होता. त्यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, बसवून पुरतात. घटकाभर एका जागी न टिकलेल्या माणसाला शेवटी लोकांनी बसवलं.

लातुरात नांदेड रोडला आमची गल्ली आहे. माझी पिठाची गिरणी आणि त्याचं वर्कशॉप, मधे एकच भिंत. तीस वर्षं त्याचा ठोकण्याचा आवाज माझ्याकडे आणि माझ्या पिठाची धूळ त्याच्याकडे जात राहिली. तो मला आक्का म्हणायचा. मी त्याला नुसतं मन्मथ म्हणायचे, कारण वयानं मी मोठी होते आणि त्याला अप्पा म्हणणारे गल्लीत पुष्कळ होते.

मोटारसायकलचं इंजिन, चाकं, टाकी, सीट सगळं काढलं की जो पाईपांचा सांगाडा उरतो, ती फ्रेम. मातीच्या मैदानावर उंचवटे करून गाड्या उडवत शर्यती होतात. तिथं रस्त्यावरच्या गाडीचा सांगाडा टिकत नाही, आणि बाहेरदेशातली गाडी आपल्याकडच्या पोरांना झेपत नाही. म्हणून नांदेड, लातूर, बिदरकडचे शर्यतवाले मन्मथकडे यायचे. फ्रेम, मागचं चाक धरणारा चिमटा, पाय ठेवायच्या दांड्या, असं सगळं तो बनवायचा. तो म्हणजे घरातले तिघं. पाईप वाकवून कोन साधायचा मन्मथ. पाईपांची तोंडं घासायची त्याची बायको कस्तुरा. जोड द्यायची मुलगी महानंदा, आर्गन वेल्डिंगनं. चौथा माणूस त्यानं ठेवला नाही. ठेवला असता तरी मन्मथच्या जिभेपुढं आठवडाभर टिकला नसता.

आधी तो उसाच्या ट्रॉल्या करायचा. एकदा कुणी शर्यतवाला मोडकी गाडी घेऊन आला. एकाच जागी तीनदा तुटलेली आणि तीन दुकानांत जोडलेली. मन्मथनं वेल्डिंगला हात लावला नाही. गाडी उभी करून वरून ओळंबा सोडला, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरा ताणला, आणि उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "ह्याला जोडून उपेग न्हाई. ही जल्मापासून वाकडी हाय."

"मग काय करू?"

"दुसरी जल्माला घालावी लागंल."

चार महिने लागले. तोवर ट्रॉलीवाले दुसरीकडे गेले. कस्तुरानं विचारलं, ट्रॉल्यांचं काय? तो म्हणाला, "ट्रॉली कुणीबी करतंय." त्या दिवसापासून वर्कशॉपात ट्रॉली आली नाही.

फ्रेम पक्की झाली का हे बघायची त्याची पद्धत मला फार महागात पडली. फ्रेम साच्यात आडवी आवळायची, वर वजन ठेवायचं, आणि एका टोकाला धरून दिवसभर हलवत राहायचं. वजन म्हणून तो माझ्या गिरणीतली ज्वारीची पोती न्यायचा. माझी कसली, गिऱ्हाइकांची! एकदा एक बाई दळण न्यायला आली तर तिचं पोतं गायब. शोधत शोधत आम्ही भिंतीपलीकडे गेलो. पोतं फ्रेमवर बसून डुलत होतं आणि मन्मथ त्याला खालीवर करत होता.

मी म्हटलं, "लाज हाय का न्हाई?"

"आक्का, दोन तास थांब. अजून तुटली न्हाई."

"बाईच्या घरी भाकरी खोळंबली, त्याचं काय?"

तो त्या बाईकडं वळून म्हणाला, "बाई, तुमच्या ज्वारीनं एका लेकराचा जीव वाचायलाय. जरा बसा." ती बसली. वर कस्तुराच्या हातचा चहा पिऊन गेली. मला मात्र तिनं नंतर महिनाभर ऐकवलं.

गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्याला जमायचं नाही. नांदेडचा एक श्रीमंताघरचा गडी आला होता, चांगला पोट सुटलेला. म्हणाला, "अप्पा, दुसऱ्याची फ्रेम आपल्याहून हलकी हाय. आपली दोन किलोनं कमी करा."

मन्मथनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू दोन किलो कमी कर. तुला तुटायची भीती न्हाई."

आता कस्तुराचं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक गोल पाईप दुसऱ्या गोल पाईपाला आडवा लावून बघा. मधे फट राहते. ती राहू नये म्हणून एकाचं तोंड असं खोलगट घासावं लागतं, की ते दुसऱ्याच्या अंगाला चिकटून बसेल. पुष्कळ ठिकाणी एवढं कुणी करत नाही. फट तशीच ठेवतात आणि वेल्डिंगचा माल ओतून बुजवतात. वरून छान दिसतं. मन्मथकडे कायदा एकच होता : फट भरायची नाही, तोंड बसवायचं. कस्तुरा अर्धगोल कानस घेऊन घासायची. सुरुवातीच्या वर्षांत तो पाईपात बॅटरी धरून बाहेरून बघायचा. कुठं बारीक उजेड दिसला की पाईप तिच्यापुढं ठेवायचा. "उजेड हाय." एवढंच. ती पुन्हा घासायला घ्यायची. होता होता तिचा हात असा बसला की उजेड दिसेनासा झाला. मग त्यानं बघणंच सोडून दिलं. बायकोच्या हातावर एवढा विश्वास ठेवणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. त्याची चूक तीच.

कस्तुराला दिसेनासं झालंय हे मला दळणावरून कळलं. ती गहू समजून हरभऱ्याच्या डाळीत हात घालून बसली होती. नंतर एकदा मापट्याऐवजी माझा चहाचा पेला उचलला. मी म्हटलं, "कस्तुरा, तुला दिसंना झालंय."

"हळू बोला आक्का."

"मोतीबिंदू असंल. ऑपरेशन करून घे."

"माझ्या मायनं केलं तर तिचा डोळाच गेला. म्या न्हाई करणार."

"आणि तोंडं कशी घासतीस?"

"बोटानं बघते की. बोटाला कळतंय." मग माझा हात धरून म्हणाली, "ह्यांला सांगू नका. कळलं की मशीन आणतील. मग म्या काय करू? चुलीपाशी बसू?"

मी सांगितलं नाही. तिची दया आली म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या घरात तोंड घालायचा मला कंटाळा होता. चांगुलपणाचं नाव मी त्याला देणार नाही.

महानंदालाही कळलं होतं. जोड द्यायला पाईप घेतला की तिला फट दिसायची. पहिल्यांदा तिनं स्वतः घासून घेतलं. मग काम अंगावर आलं, शर्यत तोंडावर आली, आणि आईला उठवून सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं फट भरली. वरून जोड इतका सुरेख दिला की बापानं पाठ थोपटली.

ती फ्रेम मुदखेडच्या बालाजीला गेली. नांदेडच्या शर्यतीत तिसऱ्या फेरीला गाडी उडून खाली आली, आणि हँडलच्या खाली, जिथं मान असते, तिथंच फ्रेम तुटली. बालाजीची मांडी मोडली. मागून येणाऱ्यानं गाडी बाजूला घातली म्हणून जीव वाचला.

मन्मथ तुटलेली फ्रेम टेम्पोत घालून घरी आला. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाजच येईना, म्हणून मी गेले. त्यानं तो जोड हॅक्सॉनं, लोखंड कापायच्या करवतीनं, उभा कापला होता आणि दोन तुकडे बाकावर ठेवले होते. आत वेल्डिंगच्या मालाचा गोळा होता. फुगलेला, भोकं पडलेला.

"ह्ये कुणी केलं?"

महानंदा म्हणाली, "म्या."

"कामून?"

कस्तुरा भिंतीला टेकून उभी होती. तिला तुकडे दिसत नव्हते, पण प्रश्न कळला होता. तीच म्हणाली, "पोरीला बोलू नका. मला वरसभर झालं दिसंना."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं वळला. "आक्का, तुला ठाऊक व्हतं?"

"व्हतं."

"बरं."

त्यानं आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर सहा महिने तो माझ्याशी बोलला नाही. पोती न्यायलाही आला नाही.

चारपाच दिवसांनी नांदेडहून शर्यत भरवणाऱ्यांपैकी दोघं गाडी घेऊन आले. माणसं वाईट नव्हती. मन्मथच्या फ्रेमा मैदानावर असल्या की चांगले गडी येतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "अप्पा, झालं ते झालं. पाईपच खराब लागला, असं तेवढं लिहून द्या. पाईप काय, बाजारातून येतो. तुमच्यावर काही येणार नाही. पुढच्या शर्यतीला तुमच्या फ्रेमा चालू."

"पाईप चांगला व्हता."

"आम्हाला कळतंय हो. पण कागदावर कायतरी पाहिजे."

"कागदावर लिहितो की. महानंदा, वही आण."

त्यानं सांगितलं, तिनं लिहिलं. पाईप चांगला होता. जोडात फट होती, ती भरली होती. मी तपासलं नाही. चूक माझी. खाली त्यानं सही केली, वाकडीतिकडी, पूर्ण नावाची.

त्यातला थोरला म्हणाला, "अप्पा, हे दिलंत तर आम्हाला तुम्हाला बंद करावं लागेल. तुमच्या भल्याचं सांगून राहिलो."

"माझं भलं म्या बघतो. च्या घ्या."

कागदात बायकोचं नाव नव्हतं, मुलीचंही नव्हतं. महानंदा तोंडावर ओढणी घेऊन मागं गेली. कस्तुरानं चहा आणला आणि कपाऐवजी बशीत ओतला. त्या दोघांनी तो तसाच बशीतून प्यायला.

आठ दिवसांनी पत्र आलं. घरी बनवलेल्या फ्रेमा शर्यतीत बंद. फ्रेमला कंपनीचा दाखला पाहिजे. मन्मथच्या घराला दुसरा धंदा राहिला नव्हता. ट्रॉल्या केव्हाच गेल्या होत्या. मैदान बंद म्हणजे वर्कशॉप बंद, हे लहान मुलालाही कळलं असतं. मी भिंतीवरून ओरडले, "मन्मथ, तुझ्या खरेपणाचं काय लोणचं घालणार हायस?" पलीकडून फक्त कानसेचा आवाज आला. तोंडं आता तो स्वतः घासत होता, आणि आवाजावरून सांगते, वाईट घासत होता.

मग त्यानं त्या वर्षभरात दिलेल्या सगळ्या फ्रेमा परत मागवल्या. कापून आतून बघणार आणि बदल्यात नवी देणार. ज्यांनी ऐकलं त्यांनी आणून दिल्या. किनवटचा गजानन ऐकेना. त्यानं त्याच फ्रेमवर तीन शर्यती मारल्या होत्या. म्हणाला, "माझी चांगली हाय. हात लावू देणार न्हाई."

मन्मथ रेल्वेनं किनवटला गेला. हॅक्सॉ पिशवीत. गजाननच्या दारात सकाळी जाऊन बसला. गजानननं दार लावून घेतलं. गजाननच्या आईनं दुपारी मन्मथला भाकरी दिली, त्यानं खाल्ली. उन्हं उतरल्यावर पुन्हा दिली, तीही खाल्ली. तेव्हा ती लेकाला म्हणाली, "आरं, कापू दे त्याला एकदाचं. ह्यो माणूस दिवाळीपस्तोर हितंच जेवायला बसंल."

गजानननं फ्रेम आणून दारात आपटली. मन्मथनं मान कापली. आत फट नव्हती, गोळा नव्हता, सगळं चोख. गजानन बोंबलला, "सांगत व्हतो न्हवं, चांगली हाय म्हणून! वाटोळं केलंव माझ्या गाडीचं!"

"आता तुलाबी कळलं, मलाबी कळलं," मन्मथ म्हणाला आणि नवी फ्रेम कधी न्यायची ते सांगून स्टेशनाकडं निघाला. हे मला गजाननच्याच तोंडून कळलं. तो मातीनंतर भेटायला आला होता आणि सांगताना हसत होता आणि डोळे पुसत होता. मला दोन्ही एकदम करता येत नाही.

बालाजीकडं मन्मथ सगळ्यात आधी गेला होता, हे सांगायचं राहिलं. दवाखान्यात त्याच्या उशाशी उभं राहून त्यानं सांगितलं, तुझी मांडी माझ्यामुळं मोडली. बालाजीनं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मन्मथनं सगळ्या ऐकून घेतल्या, मधे बोलला नाही. सहा महिन्यांनी बालाजी लंगडत वर्कशॉपात आला.

"अप्पा, नवी कवा देताव?"

"तू पुन्हा माझ्या फ्रेमवर बसणार?"

"दुसऱ्यांची आतून कशी हाय ते मला कुठं ठाऊक हाय? तुमची तरी बघितली."

त्या दिवशी मन्मथ भिंतीपाशी येऊन माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "आक्का, दोन पोती दे."

कस्तुराचं ऑपरेशन त्यानं मधल्या काळात करवलं. कसं मनवलं? तिच्या हातातली कानस काढून घेतली आणि खिळ्याला टांगली. म्हणाला, "मशीन आणणार न्हाई. डोळा करून ये, मग ह्यी खाली काढीन. तोवर म्या घासतो आन् तू माझ्या घासण्याचा आवाज ऐक." तिला तो आवाज सहन होईना. ती गेली. आधी एक डोळा, मग दुसरा. घरी आल्यावर म्हणाली, "आवो, तुमी किती म्हातारे झालाव!" मग बाकापाशी गेली, त्यानं घासलेली तोंडं एकेक करून उजेडात धरली आणि सगळी भंगारात टाकली.

शर्यतवाले म्हणायचे, अप्पा, आता तरी मशीन घ्या, काकूंना बसू द्या. तो म्हणायचा, "डोळा बिघडला व्हता, दुरुस्त केला. हात कवा बिघडला व्हता?" पण आता प्रत्येक जोड तो बॅटरी लावून बघायचा. महानंदाही बघायची, आणि शेवटी कस्तुरा स्वतः. तिघांनी बघितल्याशिवाय आर्गन पेटायचं नाही.

बदल्यात द्यायच्या फ्रेमा होत होत्या, पण मैदान बंदच होतं. नांदेडला शर्यत असली की मन्मथ नवी फ्रेम टेम्पोत घालून जायचा. तपासणीच्या टेबलावर ठेवायचा. ते म्हणायचे, कंपनीचा दाखला? तो म्हणायचा, न्हाई. ते म्हणायचे, मग घेऊन जा. तो उचलून परत यायचा. तीन शर्यती असं झालं. मी म्हटलं, "कशाला पेट्रोल जाळतोस?"

"त्यांनी न्हाई म्हणायचं त्यांचं काम केलं. म्या न्यायचं माझं केलं."

तेव्हा महानंदानं शर्यतीच्या नियमांचं पुस्तक मोबाईलवर नीट वाचून काढलं. त्यात लिहिलं होतं, कंपनीचा दाखला, किंवा तपासणी करणाऱ्या साहेबाची खात्री. ते 'किंवा' कुणी वाचलंच नव्हतं. मन्मथनं तिच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मग महिनाभर वर्कशॉपातून मला कुणाचा बोलण्याचा आवाज आला नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या शर्यतीला. मला मुदखेडला भावाकडे जायचं होतं, म्हणून त्यांच्या टेम्पोत बसले. कस्तुराही निघाली होती, पहिल्यांदाच. मन्मथला वर्षभर खोकला होता. धुरानं छाती गेली होती. मागं ताडपत्रीखाली काय आहे ते मी विचारलं नाही.

आदल्या दिवशी तपासणी असते. मांडवात टेबल, टेबलामागं नवीन आलेला तरुण साहेब. त्यानं मन्मथचं नाव ऐकलं आणि जुना कागद काढला. चूक माझी, असं लिहिलेला.

"हे तुम्हीच लिहून दिलंय ना?"

"हाव."

"मग मी खात्री कशी करू? जोड बाहेरून सगळेच चांगले दिसतात."

"बरूबर हाय. आतून बघा."

"आतून बघायचं तर कापावी लागेल."

"कापा की."

साहेब हसला. "कापल्यावर पळवणार काय?"

मन्मथनं महानंदाला खूण केली. तिनं आणि तिथं आलेल्या बालाजीनं ताडपत्री काढली. दोन फ्रेमा होत्या. रंग न दिलेल्या, सारख्या, जुळ्या. टेबलासमोर आणून ठेवल्या.

"दोन्ही एकाच हातच्या," मन्मथ म्हणाला. "बोट तुमचं. कुठली दाखवताव ती कापतो. उरंल ती पळंल."

आजूबाजूला दुसरे शर्यतवाले गोळा झाले. साहेबाचं हसू गेलं. त्यानं दोन्ही फ्रेमांभोवती फेरी मारली, आणि पेननं डावीकडची दाखवली. मग मान दाखवली. जिथं बालाजीची तुटली होती तीच जागा.

मन्मथनं हॅक्सॉ काढला. भर उन्हात, सगळ्यांसमोर कापायला लागला. निम्म्यात खोकल्याची उबळ आली. थांबला, पुन्हा लागला, पुन्हा उबळ. महानंदानं हात पुढं केला, तो देईना. कस्तुरा मागून म्हणाली, "द्या तिच्याकडं. तिरपं कापून राहिलाव." तेव्हा दिला. चारचौघांत बायकोचं ऐकताना मी त्याला तेवढं एकदाच बघितलं.

तुकडा निघाला. मन्मथनं तो सदऱ्याला पुसून साहेबाच्या हातात दिला. साहेबानं भिंग लावलं, नख फिरवलं, उलटा केला, सुलटा केला. एक पाईप कुठं संपतो आणि दुसरा कुठं लागतो ते त्याला सापडेना. मीही पुढं सरकून वाकून बघत होते, आणि मी काही त्या घरची नव्हे.

"हे तोंड कुठल्या मशीनवर काढलं?"

कस्तुरानं पदर सारखा केला. "कानस हाय. अर्धगोल. लातुरातच भेटती."

साहेबानं तुकडा टेबलावर ठेवला. मग खुर्चीवर बसला आणि कोरा फॉर्म ओढला. "खात्री झाली. बनवणाऱ्याचं नाव सांगा. मन्मथ, पुढं?"

"माझं नगं," मन्मथ म्हणाला. "तोंडं कस्तुराबाईनं बसवली, जोड महानंदानं दिले. त्या दोघींची लिव्हा."

"पण वर्कशॉप तुमचं आहे."

"माझं नाव त्या जुन्या कागदावर हाय. ते तिथंच ऱ्हाऊ द्या."

रात्रीतून इंजिन आणि चाकं चढवून दुसऱ्या दिवशी बालाजी त्या उरलेल्या फ्रेमवर पळाला. मन्मथनं शर्यत बघितली नाही. मैदानाकडं पाठ करून टेम्पोच्या सावलीत बसला. गाडी उडून आपटल्याचा आवाज आला की मला विचारायचा, "तुटली का?" मी म्हणायचे, न्हाई. पुन्हा आवाज, पुन्हा तेच. शर्यत संपली तेव्हा म्हणाला, "तुटली न्हाई न्हवं? मग चला." बालाजी सहावा आला होता. ते त्यानं विचारलंच नाही.

मी पिशवी घेऊन मुदखेडच्या गाडीकडं निघणार, एवढ्यात साहेबाचा माणूस पळत आला. म्हणाला, कापलेला तुकडा साहेबांना टेबलावर ठेवायला पाहिजे, दुसऱ्यांना दाखवायला.

"न्हेऊ दे," मन्मथ म्हणाला. "पण त्यास्नी म्हणावं, पुढच्या टायमाला सगळ्यांच्या कापा. कंपनीच्याबी. माझ्या एकट्याचीच आतून कामून बघायची?"

तो माणूस हसून निघून गेला. महानंदा आणि कस्तुरा पुढं बसल्या. मन्मथ मागं हौद्यात चढला, पाठ ड्रायव्हरकडं, तोंड मैदानाकडं. टेम्पो सुरू झाला. टेबलापाशी दुसऱ्या शर्यतवाल्यांच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. मन्मथ त्यांच्याकडं बघून मोठ्यानं बोलत होता. मैदानावर भोंगा चालू होता, त्यामुळं मला एक शब्द ऐकू आला नाही. पण हातवारे दिसत होते. आधी मला वाटलं, शिव्या देतोय. मग नीट बघितलं. तो हात आडवा धरून एकेका गाडीच्या मानेकडं दाखवत होता. कुठून कापायचं ते सांगत होता.